इराणची क्रांती : शहा नकोत, मग हवं काय?

१० आणि ११ डिसेंबर १९७८ या दोन दिवसांत तेहरानचे रस्ते माणसांनी भरून गेले. मोहरमचा नववा आणि दहावा दिवस होता तो. लाखो लोक शहा मोहम्मद रझा पहलवी यांच्याविरुद्ध चालत होते आणि त्यांच्या हातांत प्रामुख्याने तीन माणसांचे फोटो होते. पहिले मोहम्मद मोसादेघ, माजी पंतप्रधान, १९६७ साली नजरकैदेत वारलेले. दुसरे अली शरियाती, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि वक्ते, दीडच वर्षापूर्वी इंग्लंडमध्ये अकाली गेलेले. तिसरे आयातुल्ला रुहोल्ला खोमेनी, त्या वेळी पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या गावात मुक्कामाला असलेले.

या तिघांची स्वप्नं वेगवेगळी होती. मोसादेघना घटनेच्या चौकटीतला राजा आणि देशाच्या मालकीचं तेल हवं होतं. शरियातींना शोषणाविरुद्ध उभा राहणारा धर्म हवा होता, पण त्यात धर्मगुरूंची मक्तेदारी नको होती. खोमेनींना राज्याच्या माथ्यावर धर्मशास्त्राचा जाणकार हवा होता. मिरवणुकीतल्या बहुतेकांना या तिन्हींत विसंगती वाटत नव्हती. शहा जाणार एवढ्यावर एकमत होतं, आणि ते एकमत इतकं भक्कम होतं की पुढचे प्रश्न मागे पडले. ‘धर्मवेड्यांची क्रांती’ असं म्हणून इराणचा विषय मिटवणारे लोक आजही भेटतात. त्यांना या क्रांतीमागे किती निरनिराळ्या आकांक्षा होत्या याची कल्पना नसते. त्या समजून घेतल्याशिवाय पुढे काय हरवलं याचाही अंदाज येत नाही.

राजाने कायदा पाळावा

राजसत्तेशी इराणी जनतेचा झगडा १९७८ च्या कितीतरी आधीचा. १८९० साली त्या वेळच्या शहांनी देशातल्या तंबाखूचं उत्पादन, विक्री आणि निर्यात यांचा पन्नास वर्षांचा मक्ता एका ब्रिटिश मेजरला देऊन टाकला. शेतकरी आणि बाजारपेठेतले व्यापारी भडकले. पुढच्या वर्षाअखेरीस ज्येष्ठ धर्मगुरू मिर्झा शिराझी यांच्या नावाने फतवा निघाला आणि लोकांनी तंबाखू ओढणंच सोडलं. राजवाड्यातल्या बायकांनीही हुक्के बाजूला ठेवले, असं सांगतात. १८९२ च्या सुरुवातीला मक्ता रद्द झाला. व्यापारी, धर्मगुरू आणि शहरातला सामान्य माणूस एकत्र आले तर शहाला माघार घ्यावी लागते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं.

१९०६ च्या उन्हाळ्यात हीच युती पुन्हा उभी राहिली. जुलुमापासून वाचण्यासाठी दर्ग्यात किंवा परक्या वकिलातीत आसरा घेण्याची तिथे प्रथा होती. त्या प्रथेप्रमाणे बारा हजारांहून जास्त माणसं तेहरानमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत जाऊन बसली. प्रत्येक धंद्याच्या लोकांनी आपापले तंबू ठोकले, मोठमोठ्या भांड्यांत सामुदायिक स्वयंपाक शिजू लागला आणि झाडांखाली घटना, संसद, कर यांवर व्याख्यानं झडू लागली. कारागिरांची आणि दुकानदारांची ती खरोखरीची राज्यशास्त्राची शाळा होती. वर्षअखेरीस शहांनी घटनेवर सही केली आणि इराणला मजलिस म्हणजे संसद मिळाली.

पण याच वेळी एक वाद जन्माला आला. संसदेने केलेला कायदा श्रेष्ठ की शरियत श्रेष्ठ? शेख फझलोल्ला नूरी या धर्मगुरूंनी घटनेला कडाडून विरोध केला. १९०९ साली घटनावाद्यांनी त्यांना भर चौकात फाशी दिलं. कायदे शरियतशी जुळतात की नाही हे किमान पाच धर्मशास्त्रज्ञांनी पाहावं, असं कलम १९०७ मध्ये घटनेत घातलं गेलं होतं. ते कागदावरच राहिलं, आणि वादाचा निकाल न लागता तो पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडला.

तेल आणि स्वाभिमान

१९०८ मध्ये मस्जिद सुलेमान इथे तेल लागलं आणि त्याचा मोठा नफा ब्रिटिश कंपनीकडे जाऊ लागला. मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात मोसादेघ पंतप्रधान झाले आणि त्यांनी तो अमलात आणला. ब्रिटनने इराणच्या तेलाची नाकेबंदी केली. अखेर १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तहेर संस्थांच्या मदतीने झालेल्या उठावात मोसादेघ यांचं सरकार पाडण्यात आलं. आधीचा प्रयत्न फसल्यावर रोमला निघून गेलेले शहा परत आले आणि सिंहासनावर बसले.

इराणी माणसाच्या मनावर हा घाव किती खोल गेला, हे बाहेरून कळणं कठीण आहे. शहा आता फक्त हुकूमशहा राहिले नाहीत, परक्यांनी बसवलेले राजे ठरले. लोकनियुक्त सरकार वाचवायचं असेल तर आधी परकी सत्ता हटवली पाहिजे, हा धडा एका पिढीने घेतला. १९७९ च्या घोषणांमध्ये स्वातंत्र्य म्हणजे परक्यांपासून स्वातंत्र्य हा अर्थ इतका वरचढ का ठरला, याचं उत्तर १९५३ मध्ये आहे.

शहांनी केलेली प्रगती

शहांच्या राजवटीत काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी ‘श्वेत क्रांती’चा कार्यक्रम जाहीर केला. जमीन सुधारणा, खेड्यांत साक्षरतेसाठी तरुणांची पथकं, स्त्रियांना मताधिकार. १९६७ च्या कुटुंब कायद्याने पुरुषाच्या एकतर्फी तलाकला आळा घातला. स्त्रियांच्या मताधिकाराला त्या वेळी खोमेनींचा विरोध होता, हेही विसरता कामा नये.

पण मताला किंमत नसलेल्या देशात मताधिकार मिळून काय होणार? राजकीय पक्ष नावापुरते होते. १९५७ साली स्थापन झालेल्या सावाक या गुप्त पोलिस दलाची दहशत घराघरात पोचली होती. जमीन वाटली गेली, पण अनेकांना मिळालेला तुकडा पोट भरण्याइतकाही नव्हता. माणसं शहराकडे निघाली. १९५६ मध्ये तेहरानची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती, ती १९७६ मध्ये ४५ लाख झाली. दक्षिण तेहरानात झोपड्या वाढत गेल्या, तर उत्तरेच्या टेकड्यांवर बंगले.

१९७१ मध्ये शहांनी पर्सेपोलिसच्या अवशेषांजवळ राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा सोहळा केला. पाहुण्यांसाठी वाळवंटात शाही तंबूंचं गाव वसवलं आणि जेवण पॅरिसच्या मॅक्सिम्स हॉटेलातून आणलं. १९७५ मध्ये सगळे पक्ष मोडून एकच रस्ताखीझ पक्ष ठेवला. ज्याला तो मान्य नसेल त्याने तुरुंगात जावं नाहीतर देश सोडावा, असं खुद्द शहांनीच सुनावलं. पुढच्या वर्षी कॅलेंडर बदललं. हिजरी सौर सन १३५५ ऐवजी सायरस राजापासून मोजलेलं २५३५ साल सुरू झालं. सामान्य माणसाला आपल्या मुलाचं जन्मसाल नव्याने शिकावं लागत होतं. कर वाढला तर माणूस कुरकुरतो. इथे तर त्याच्या रोजच्या जगण्यातला काळच राजाने आपल्या नावावर करून घेतला होता. असा अपमान माणूस विसरत नाही.

शरियातींचा हुसेन

या पार्श्वभूमीवर शरियातींची व्याख्यानं सुरू झाली. पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांनी अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा जवळून पाहिला होता आणि वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या फ्रान्झ फॅनन यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. तेहरानच्या हुसेनिये इर्शाद या सभागृहात त्यांना ऐकायला विद्यार्थ्यांची एवढी गर्दी व्हायची की सरकारने १९७२ मध्ये ते सभागृहच बंद केलं. नंतर त्यांना तुरुंगात टाकलं.

शरियातींनी नेमकं केलं काय? इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे ७२ साथीदार खलिफा यझिदच्या फौजेशी लढताना मारले गेले. शिया पंथीयांसाठी ही सर्वांत मोठी शोकांतिका. मोहरमात दरवर्षी त्यासाठी रडायचं, छाती पिटायची; आपल्याकडे महाराष्ट्रातही गावोगावी मोहरमात ताबूत बसतात. शरियाती म्हणाले, हे रडणं पुरे. हुसेन हरणार हे ठाऊक असूनही अन्यायी सत्तेसमोर उभे राहिले, मग त्यांच्या अनुयायांनी नुसते अश्रू का ढाळावेत? सत्तेच्या आश्रयाने वाढलेला धर्म त्यांनी ‘काळा’ ठरवला आणि अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याला ‘लाल’ म्हटलं. काळ्या धर्मात त्यांनी दरबारी मुल्लांनाही ओढलं, म्हणून अनेक धर्मगुरू त्यांच्यावर खवळून होते.

त्यांच्या आधी लेखक जलाल आल-ए-अहमद यांनी १९६२ मध्ये ‘घर्बझदेगी’ हे पुस्तक लिहून पाश्चात्त्यांच्या नादाने आलेल्या आजारपणाची चिकित्सा केली होती. यंत्रं परदेशची, तज्ज्ञ परदेशचे, आणि आपण नुसते गिऱ्हाईक. कधीकाळी साम्यवादी पक्षात असलेल्या या लेखकाने फाशी गेलेल्या शेख नूरींचा देह म्हणजे पाश्चात्त्य वेडाच्या विजयाचा झेंडा, असं लिहिलं. आधुनिक शिक्षण घेतलेला तरुण धर्माकडे कसा वळला, हे या दोघांना वाचल्यावर उलगडतं. त्याला मागे जायचं नव्हतं. उसन्या प्रतिष्ठेचा त्याला वीट आला होता आणि आपल्या आजीच्या श्रद्धेत त्याला न्यायाची भाषा सापडली होती. मला या क्रांतीतली सर्वांत हृद्य गोष्ट हीच वाटते.

नजफमधली व्याख्यानं

अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांना इराणी न्यायालयांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर घणाघाती भाषण केल्यामुळे १९६४ मध्ये खोमेनींना हद्दपार करण्यात आलं. तुर्कस्तानमार्गे ते इराकमधल्या नजफला गेले. तिथे १९७० च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यानमाला दिली. शियांच्या श्रद्धेप्रमाणे बारावे इमाम अदृश्य आहेत. ते परत येईपर्यंत समाजाचा कारभार न्यायी धर्मशास्त्रज्ञाने पाहावा, हा तिचा गाभा. ‘विलायत-ए-फकीह’ म्हणतात तो हाच सिद्धांत. राजेशाही इस्लामला मुळातच मान्य नाही, असंही त्यांनी ठासून सांगितलं. १९४० च्या दशकात त्यांचीच भूमिका इतकी टोकाची नव्हती.

हा सिद्धांत शिया परंपरेला धक्का देणारा होता. बहुतेक ज्येष्ठ धर्मगुरू सत्तेपासून चार हात लांब राहण्यातच धर्माचं हित मानत. त्या व्याख्यानांचं पुस्तकही निघालं, पण रस्त्यावर उतरलेल्या लाखोंपैकी फार थोड्यांनी ते वाचलं असेल. पुढे नजफ सोडून फ्रान्समध्ये आल्यावर पत्रकारांशी बोलताना खोमेनींचा भर राष्ट्राच्या स्वातंत्र्यावर आणि लोकांच्या इच्छेवर होता; आपण स्वतः सत्ता हाती घेणार नाही, असं ते सांगत. नोव्हेंबर १९७८ मध्ये मोसादेघांच्या परंपरेतल्या नॅशनल फ्रंटचे नेते करीम संजाबी त्यांना भेटले. इस्लाम, लोकशाही आणि स्वातंत्र्य यांच्या आधारे सार्वमत घेऊन नवी राज्यपद्धती ठरेल, असं निवेदन त्या भेटीतून निघालं. उदारमतवाद्यांना ते पुरेसं वाटलं.

डाव्यांनाही आपला हिस्सा दिसत होता. तुदेह हा जुना साम्यवादी पक्ष, १९७१ मध्ये सियाहकलच्या जंगलात पोलिस चौकीवर हल्ला करणारे फिदायीन, इस्लाम आणि समाजवाद यांची सांगड घालणारे मुजाहिदीन. या सगळ्यांचे तरुण सावाकच्या कोठड्यांत मेले होते. त्यांच्या लेखी शहा हे अमेरिकेचे हस्तक, आणि हस्तक गेला की बाकीचं आपोआप होणार.

चाळिसाव्याची साखळी

७ जानेवारी १९७८ रोजी ‘इत्तेलाआत’ या वर्तमानपत्रात खोमेनींची बदनामी करणारा लेख आला. दोन दिवसांनी कोम शहरात मदरशांचे विद्यार्थी निषेधाला उतरले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी शोकसभा घेण्याची तिकडे रीत आहे. कोमच्या मृतांचा चाळिसावा १८ फेब्रुवारीला आला. तबरीझमध्ये लोक मशिदीपाशी जमले तर दाराला कुलूप. बाचाबाची झाली, गोळी चालली, एक तरुण कोसळला आणि दिवसभर शहर पेटलं. तबरीझच्या मृतांचा चाळिसावा मार्चअखेरीस यझ्द आणि इतर शहरांत पाळला गेला. तिथेही गोळीबार झाला. सरकारने प्रत्येक शोकसभेतून पुढच्या शोकसभेची तारीख ठरवून दिली. शोकाला बंदी घालणं कुठल्याच राजाला जमत नाही, आणि म्हणून पक्ष, संघटना, छापखाने बंद असतानाही आंदोलनाला वेळापत्रक मिळालं.

मशिदींचं जाळं हाच निरोप पोचवण्याचा मार्ग होता. खोमेनी फ्रान्समध्ये बोलत. ते टेलिफोनवरून तेहरानला ऐकवलं जाई. पलीकडे टेपरेकॉर्डर तयार असे. त्या कॅसेटच्या प्रती निघत आणि बाजारात, मशिदीत हातोहात जात.

१९ ऑगस्टला आबादानमधल्या रेक्स सिनेमागृहाला आग लावण्यात आली आणि चारशेहून जास्त प्रेक्षक कोंडून मेले. लोकांनी सावाकला दोषी धरलं. पुढे आलेले पुरावे कट्टर धार्मिक तरुणांकडे बोट दाखवतात. ८ सप्टेंबरला तेहरानच्या जाले चौकात सैन्याने जमावावर गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा हजारोंचा म्हणून पसरला, नंतरच्या मोजणीत तो शंभराच्या आत आला. पण त्या संध्याकाळी तडजोडीची शक्यता संपली होती.

शहांचं कंबरडं मोडलं ते तेल कामगारांच्या संपाने. पगारवाढीबरोबर त्यांनी लष्करी कायदा उठवण्याची आणि राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी केली. रोज सुमारे ६० लाख पिंपं तेल काढणारा देश काही आठवड्यांत त्याच्या थोड्याशा भागावर आला. रात्री संचारबंदीत माणसं गच्चीवर जाऊन ‘अल्ला हो अकबर’चा पुकारा करत. त्यात देवभोळे होते तसे नास्तिकही होते. १६ जानेवारी १९७९ रोजी शहांनी देश सोडला. १ फेब्रुवारीला खोमेनी परतले आणि ११ फेब्रुवारीला सैन्याने तटस्थ राहण्याचं जाहीर केलं.

हिरवी चिठ्ठी, लाल चिठ्ठी

रस्त्यावरची घोषणा होती ‘इस्तिकलाल, आझादी, जम्हूरी-ये इस्लामी’. परक्यांपासून मुक्ती, नागरिकांचं स्वातंत्र्य आणि इस्लामी प्रजासत्ताक. तीन आकांक्षा, पण त्यांतली मधली राखायला कोण होतं?

क्रांती होऊन महिनाही झाला नव्हता, तोच कुटुंब कायदा स्थगित झाला आणि सरकारी कचेऱ्यांत स्त्रियांनी हिजाब घालावा, असं खोमेनींनी म्हटलं. ८ मार्च, आंतरराष्ट्रीय महिला दिन. हजारो स्त्रिया तेहरानमध्ये रस्त्यावर उतरल्या. यातल्या अनेकजणी शहांविरुद्धच्या मोर्चांतही चालल्या होत्या. स्वातंत्र्य पूर्वेचंही नसतं, पश्चिमेचंही नसतं, ते सर्वांचं असतं, अशी त्यांची घोषणा होती. काही दिवस निदर्शनं चालली, हल्ले झाले, शेवटी सक्ती नाही असा खुलासा आला. त्या दिवसांत डाव्या संघटनांमधल्या कित्येकांनी या स्त्रियांना साथ दिली नाही. साम्राज्यशाहीविरुद्धच्या लढाईत फूट नको, हे त्यांचं कारण. उदारमतवादीही घोटाळत राहिले. माझ्या मते क्रांतीचा तोल इथे गेला. स्वातंत्र्याची बाजू ज्यांनी घ्यायची त्या प्रत्येकाला दुसरं काहीतरी जास्त तातडीचं वाटलं. पुढे कचेऱ्यांत आणि मग कायद्याने सगळीकडे हिजाब सक्तीचा झाला, तेव्हा बोलायला ते गटच उरले नव्हते.

मार्चअखेरीस सार्वमत झालं. प्रश्न एकच: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? ‘हो’ची चिठ्ठी हिरवी, ‘नाही’ची लाल. दोन कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं आणि ९८ टक्क्यांवर मतं ‘हो’ची पडली. हंगामी पंतप्रधान मेहदी बझारगान यांना नाव ‘लोकशाही इस्लामी प्रजासत्ताक’ असं हवं होतं. खोमेनींनी एक शब्द जास्त नको आणि एक कमी नको, असं बजावलं. कुर्द पक्षांनी आणि काही डाव्या संघटनांनी बहिष्कार टाकला. त्या चिठ्ठीतून निवडायचं काय होतं? प्रजासत्ताकाचा आराखडा कोणीच पाहिला नव्हता.

मसुदा बदलला तो असा

जूनमध्ये घटनेचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तो फ्रान्सच्या घटनेच्या धाटणीचा होता: लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष, संसद, आणि कायदे तपासणारं मंडळ. विलायत-ए-फकीहचा त्यात उल्लेखही नव्हता. थोड्या दुरुस्त्या करून हाच मसुदा थेट सार्वमताला टाकायला खोमेनी तयार होते. बझारगान आणि त्यांचे सहकारी मात्र अडून बसले. लोकांना घटना परिषदेचं वचन दिलंय, ते पाळलंच पाहिजे.

बझारगान कोण होते हे पाहिलं तर हा आग्रह समजतो. फ्रान्समध्ये शिकलेले अभियंते, उष्मागतिकीचे प्राध्यापक, नियमाने नमाज पढणारे. १९५१ मध्ये मोसादेघांनी राष्ट्रीयीकृत तेल कंपनी ताब्यात घ्यायला ज्यांना आबादानला पाठवलं, त्यांत ते प्रमुख. १९६१ मध्ये आयातुल्ला तालेघानींबरोबर त्यांनी इराण स्वातंत्र्य चळवळ स्थापन केली आणि शहांचा तुरुंगवास भोगला. श्रद्धा आणि घटना एकत्र नांदू शकतात, यावर त्यांचा जन्मभर विश्वास होता. प्रक्रियेला बगल देऊन मिळालेली चांगली घटनाही त्यांना मान्य नव्हती.

मधला मार्ग म्हणून ७३ जणांची तज्ज्ञ परिषद ठरली. ऑगस्टमध्ये निवडणूक झाली, मशिदींचं जाळं कामाला लागलं आणि धर्मगुरूंचं मोठं बहुमत निवडून आलं. त्यांनी मसुदा बाजूला ठेवला. सप्टेंबरमध्ये पाचवं कलम मंजूर झालं आणि राज्याचं नेतृत्व फकीहकडे गेलं. सैन्य, न्यायव्यवस्था यांच्या प्रमुखांच्या नेमणुका त्याच्याकडे आल्या. ज्येष्ठ आयातुल्ला शरियतमदारी यांनी जनतेच्या सार्वभौमत्वाशी हे विसंगत असल्याचं सांगितलं. बझारगान यांच्या मंत्र्यांनी परिषद बरखास्त करायचा प्रयत्न केला. खोमेनींनी तो फेटाळला. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली. बझारगान यांनी राजीनामा दिला. परक्यांविरुद्धच्या संतापाच्या त्या लाटेत, २ आणि ३ डिसेंबरला घटनेवर सार्वमत झालं. मतदान मार्चच्या दोन कोटींवरून दीड कोटींच्या थोडं वर एवढंच झालं.

त्या घटनेत आजही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. छप्पन्नावं कलम म्हणतं की देवाने माणसाला स्वतःच्या सामाजिक भवितव्याचा स्वामी केलं आहे आणि हा हक्क कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पाचवं कलम नेतृत्व एका धर्मशास्त्रज्ञाला देतं. निवडणुका होतात, पण उमेदवार कोण असावा हे कायदे तपासणारं पालक मंडळ ठरवतं. बझारगान १९८० मध्ये संसदेवर निवडून आले. इराकशी पेटलेल्या युद्धात १९८२ मध्ये इराकची फौज मागे रेटल्यावरही लढाई चालू ठेवण्याला त्यांचा विरोध होता, आणि तो ते उघडपणे मांडत. १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला. पालक मंडळाने क्रांतीच्या पहिल्या पंतप्रधानांना अपात्र ठरवलं.